पाण्याखालचा चुना

माझ्या ऑफिसात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक फोटो दिसतो. चौकोनी दगडी हौद, एका बाजूनं आत उतरणाऱ्या पायऱ्या, पांढऱ्याशुभ्र भिंती आणि काठोकाठ पाणी. वरच्या कोपऱ्यात गणपती मंडळाच्या पताका आहेत. येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या फोटोपाशी थांबतो आणि विचारतो, "हे कुठलं हो?" मी पेठ सांगते. तो म्हणतो, "अरे वा, पुण्यात असं काही आहे हे माहीतच नव्हतं." मी म्हणते, "आता नाहीये." मी खवचट बोलतेय असंच बहुतेकांना वाटतं. पुण्याच्या बाईकडून तेवढी अपेक्षा असतेच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारत नाही.

या एका फोटोवर मी जवळजवळ चाळीस वर्षं व्यवसाय केला. लोक मला जुन्या पुण्याची जाणकार म्हणतात, कॉलेजात चुन्यावर व्याख्यान द्यायला बोलावतात. फोटो काढला त्या दिवशी त्या पांढऱ्या रंगाखाली काय होतं, हे मला माहीत होतं आणि आणखी एका माणसाला माहीत होतं. तो माणूस गेला. मी मात्र फोटो भिंतीवरून काढला नाही, कारण काढला तर विसरायला मोकळी होईन.

हा हौद मी पहिल्यांदा पाहिला तो तिसऱ्या वर्षाला असताना, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. पुण्यात आर्किटेक्चर शिकायचं म्हणजे हातात टेप घेऊन पेठांत सुटायचं. दुसऱ्या गावची मुलं काय मोजत असतील देव जाणे, आम्ही मात्र दिंडी दरवाजे, कोनाडे, देवळांची शिखरं, जे सापडेल ते मोजत असू. आमच्या मास्तरांचं म्हणणं असं, की जो भिंत मोजतो त्याला भिंत कळते. आमच्या गटाच्या वाट्याला हा हौद आला. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं पेशव्यांनी शहरात पाणी आणलं, त्या पाण्यावरचा हा एक लहानसा हौद. तेव्हाही त्यात पाणी येत होतं. बायका धुणं धूत, पोरं डुंबत, आणि समोरच्या खिडकीतले एक आजोबा आम्हाला रोज न चुकता विचारत, "कधी पाडताय?"

आम्ही चार दिवस मोजमापं घेतली. चौथ्या दिवशी शेजारच्या घराच्या भिंतीचा गिलावा दुरुस्त करणारे एक गवंडी आमच्याकडे बघत बिडी ओढत बसले होते. पन्नाशीचे असतील. डोक्याला टॉवेल, हातावर कोपरापर्यंत चुन्याचे पांढरे डाग. त्यांनी मला विचारलं, "किती जाड निघाली भिंत?"

"सव्वादोन फूट," मी ऐटीत सांगितलं.

"आणि आत काय आहे?"

"दगड."

ते उठून आले. बोटाच्या पेरानं भिंतीवर एका जागी ठोकलं, मग हातभर बाजूला ठोकलं. "ऐका. इथं दगड आहे. इथं नुसती भर आहे, भुगा झालेली. तुमच्या कागदावर दोन्ही सारखंच येणार." मी ठोकून पाहिलं. मला दोन्ही आवाज एकच वाटले. ते म्हणाले, "येईल हळूहळू. रोज ठोकत जा."

त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचं काम करणारं. आजोबा कात्रजच्या नळात उतरून गाळ काढायचे, वडिलांनी पेठांतले निम्मे हौद गिलावले होते. चाचांच्या वेळेपर्यंत सिमेंट आलं होतं आणि चुन्याची कामं किरकोळ राहिली होती. कुणाच्या घरातलं न्हाणीघर, कुठल्या मशिदीचा हौद, कुठल्या देवळाचा ओटा. ते मराठी असं स्वच्छ बोलत की माझ्या वडिलांनी त्यांच्याशी तास-दोन तास गप्पा मारल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्या त्या मास्तरांपेक्षा हे गृहस्थ जास्त मुद्द्याचं बोलतात." माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं, त्यात हे मोठंच.

पुढची सात-आठ वर्षं मी सवड मिळेल तशी चाचांच्या कामावर जाऊन बसत असे. नोकरी करत होते तेव्हाही, आणि स्वतःचं दीड खोलीचं ऑफिस थाटलं तेव्हाही. भट्टीतून आणलेली चुनकळी पाण्यात टाकली की कशी उकळते, मग तो विरलेला चुना पाण्याखाली कसा ठेवायचा, किती महिने ठेवायचा, त्यात सुरखी म्हणजे विटांची भुकटी किती, गुळाचं पाणी कधी, हिरड्याचं कधी, हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. चाचा हसायचे. म्हणायचे, "लिहा, लिहा. पण चुना वाचत नाही." मी म्हणायचे, "तुम्ही मला थापी द्या मग." ते द्यायचे नाहीत. "तुमचं काम वेगळं. तुम्ही काम आणा, करायला आम्ही आहोत."

त्यांना एक मुलगा होता, तेव्हा पंचविशीचा. फरशी बसवायचं काम करायचा आणि चांगला करायचा. चुन्यात त्याला गोडी नव्हती असं नाही, पण शिकायला काम लागतं, आणि न्हाणीघराच्या चार हात भिंतीवर काय शिकणार. चाचा मला एकदा म्हणाले, "एक मोठं काम मिळायला हवं. एक हौद मिळाला तरी बास. पहिल्या थरापासून शेवटच्या घोटाईपर्यंत तो माझ्याबरोबर राहिला, तर त्याच्या हातात उतरेल. नुसतं सांगून नाही उतरत." हे ते कुरकुर म्हणून नव्हते बोलले. चहा पिता पिता बोलले, आणि मी मनात धरून ठेवलं.

म्हणून तो हौद जेव्हा माझ्याकडे चालून आला, तेव्हा मला वाटलं, झालं, आता सगळं जुळलं.

हौद गळायला लागला होता. पाणी कमी झालं होतं, लोक कचरा टाकत. त्या पेठेतल्या गणपती मंडळाचं ते सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं, आणि त्यांच्या अध्यक्षांनी डोक्यात घेतलं की हौद पुन्हा पहिल्यासारखा करायचा आणि त्यातच विसर्जन करायचं. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, माणूस सज्जन, कामाला वाघ. पालिकेच्या परवानग्या त्यांनीच मिळवल्या. मी त्याच पेठेतली मुलगी, हौद मोजलेला, नकाशे तयार. माझ्या ऑफिसाचं ते पहिलं नाव घेण्याजोगं काम. मी तीस वर्षांचीही नव्हते.

मी चाचांना हौदात घेऊन गेले. पाणी उपसून टाकलेलं होतं. ते पायऱ्या उतरून खाली गेले आणि चारही भिंती ठोकत फिरले, वरून खाली, खालून वर, अर्धा दिवस. मग पायरीवर बसून म्हणाले, "जुना गिलावा सुटलाय तेवढा काढू. मग एक पावसाळा भिंत अशीच उघडी ठेवायची."

"उघडी कशाला?"

"मागच्या जमिनीतलं पाणी कुठून कुठून झिरपतंय ते पावसाळ्यातच दिसतं. जिथून येतंय तिथं वाट ठेवायची. ती वाट बुजवली तर पाणी भिंतीच्या मागं साठत राहतं. सगळे हौद असेच केलेत. एक पावसाळा बघायचा, दिवाळीनंतर गिलावा करायचा."

मला हे इतकं शहाणपणाचं वाटलं की मधे गणपती येतात याचा विचारही न करता मी जागच्या जागी कबूल केलं. दिवाळीनंतर. चाचांनी होळीच्या सुमाराला चुनकळी आणली आणि आपल्या घरामागच्या परसात जमिनीतल्या टाकीत ती विरवली. मुलगाही होता. दोघांनी मिळून चुना ढवळला, वर हातभर पाणी सोडलं आणि टाकीवर दगडी फरशी ठेवली. मुलानं आपल्या मुकादमाला सांगूनही टाकलं की दिवाळीनंतर तीन महिने मी नाही. त्या दिवशी चाचांच्या घरी मला शिरखुर्मा मिळाला, ईद नसताना. मी आजही त्या दिवसाची आठवण आली की दुसरं काहीतरी काम काढून बसते.

मे महिन्यात अध्यक्ष माझ्या ऑफिसात आले. फार नम्रपणे बोलले, तोच त्रास होता. "मॅडम, आपलं सगळं मान्य. पण सुवर्णमहोत्सव एकदाच येतो. गणपतीत लोक बाहेरगावाहून येणार, मोठे पाहुणे यायला कबूल झालेत, आणि हौद उघडाबोडका. वर्गणी देणाऱ्यांना मी काय तोंड दाखवू? काहीतरी करा. तुम्ही केलंत तर होईल."

मी त्यांना चाचांचं म्हणणं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मग आम्ही दुसरीकडे विचारून बघू. वाईट वाटून घेऊ नका."

इथं मी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी दोन दिवस विचार केला, म्हणजे विचार केल्याचं नाटक केलं. मला ते काम सोडायचं नव्हतं. मी मनाची समजूत अशी घातली, की दुसरा कुणी आर्किटेक्ट आला तर हौदाचं वाट्टोळं करील, त्यापेक्षा मी केलेलं बरं. आतून सिमेंटचा गिलावा करायचा, पाणी न पाझरणारी पावडर घालून, आणि वरून चुन्याचा पांढरा हात द्यायचा, म्हणजे दिसायला हौद पहिल्यासारखा. पुण्यात आम्ही हे पुढे किती ठिकाणी केलं, आतून एक आणि बाहेरून एक. पण त्याची सुरुवात माझ्यापुरती तरी त्या हौदापासून झाली.

चाचांना मी सांगितलं नाही. सांगायला जायचं ठरवून दोनदा निघाले आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत आले. मग त्या गल्लीतून जाणंच बंद केलं, लांबच्या रस्त्यानं जायला लागले. मी धीट मुलगी होते, चारचौघांत कुणालाही उलट उत्तर द्यायचे. पण एका म्हाताऱ्या माणसाला समोरासमोर "मी शब्द मोडलाय" म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

श्रावणात ते स्वतःच आले. हौदात गिलावा पूर्ण झाला होता, करडा, गुळगुळीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पायऱ्यांवर पडल्या होत्या. मी खाली उभी होते. ते सावकाश उतरले आणि भिंतीपाशी जाऊन बोटानं ठोकलं. मग थोडं पुढे जाऊन ठोकलं. सगळीकडे एकच आवाज आला.

"चांगलं घट्ट झालंय," ते म्हणाले.

मी म्हणाले, "चाचा, यात वॉटरप्रूफिंगची पावडर आहे. आतलं पाणी बाहेर जाणार नाही."

"आतलं नाही जाणार. मागचं कुठून जाईल?"

ते सवयीनं हात टॉवेलला पुसत होते, हाताला काहीच लागलेलं नसताना. आणि मग मी जे बोलले ते आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते. मी म्हटलं, "वरून चुन्याचा हात द्यायचाय, चाचा. शेवटचा. तो तुम्ही दिलात तर चांगलं होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माझं काहीतरी ऐकण्यात चुकलं असावं, असं ते बघत होते. मग म्हणाले, "त्याला रंगारी बघा, बाई." आणि पायऱ्या चढायला लागले. मधल्या पायरीवर थांबून वळले. "चुना विरवून ठेवलाय तेवढा. त्याचं काय करू?"

मी म्हणाले, "असू दे ना. पुढच्या कामाला लागेल."

पुढचं काम आलंच नाही. म्हणजे मला कामं पुष्कळ आली, पण ज्यात तो चुना लागेल असं एकही आलं नाही.

गणपतीत हौदाचं उद्घाटन थाटात झालं. पांढऱ्या भिंती, निळंशार पाणी, पताका, ढोल. तेव्हाच तो फोटो काढला गेला आणि वर्तमानपत्रात छापून आला. पाहुण्यांनी भाषणात "या शहराचा वारसा तरुण हातांत सुरक्षित आहे" असं काहीसं म्हटलं. मी तरुण हात जोडून नमस्कार केला.

पहिला पावसाळा कसाबसा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. सिमेंटचा थर मागच्या पाण्यानं फुगला, त्याला भेगा पडल्या, आणि एके सकाळी उत्तरेकडची अर्धी भिंत थरासकट, थराला चिकटलेल्या जुन्या दगडांसकट खाली आली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. पण शेजारच्या घराचा पाया उघडा पडला, लोक घाबरले, आणि हौद धोकादायक ठरला. महिन्याभरात तो राडारोड्यानं भरून टाकला आणि वर स्लॅब ओतला. कात्रजकडून येणारी पाण्याची वाट आतल्या आत बंद झाली. आता तिथं मंडळाचा मांडव पडतो आणि बाकीचं वर्षभर दुचाक्या लागतात. समोरच्या खिडकीतले आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी मला पाहून एवढंच विचारलं, "झालं का मोजून?"

चाचा मात्र कधी "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. रस्त्यात भेटले तर ओळख द्यायचे, वडिलांची तब्येत विचारायचे. मीच घाईत असल्यासारखी पुढे जायचे. काही वर्षांनी ते गेल्याचं मला एका फरशीवाल्याकडून कळलं, तेही महिना उलटल्यावर. मी भेटायला गेले नाही. आता इतक्या उशिरा कसं जायचं, असं मनाशी म्हणाले. ही माझी लांबच्या रस्त्यानं जायची सवय तोवर पक्की झाली होती.

आणि माझा व्यवसाय वाढत गेला. हौद पडल्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, फोटो राहिला. आमच्या शहराची ही एक खासियत आहे, आम्हाला जुनं फार आवडतं, फक्त ते नवीन पाहिजे. खडकवासल्याच्या वाटेवर बंगले झाले, त्यांना मी चौक आणि तुळशीवृंदावन काढून दिलं. एका खाणावळीला मी फायबरचे, वाड्यात असतात तसे सुरूदार खांब लावले, ते बोटानं ठोकले की डब्यासारखे वाजतात. हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं आलं, चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना 'वाड्याचा फील' हवा होता. मुलगी म्हणाली, "मॅम, देवडी टाईप काहीतरी, पण शू रॅकसकट." मी काढून दिली. त्यांना मी हसत नाही, त्यांनी निदान कुणाला शब्द दिला नव्हता. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली आज स्वतःची ऑफिसं चालवतात, आणि त्यांच्या इमारतींच्या फाटकावर माझ्याच कमानी आहेत. मी दाखवलं तेच ती शिकली.

वरचेवर कॉलेजात जाऊन मी चुन्यावर बोलते. त्या जुन्या वहीतलं सगळं सांगते, सुरखी किती, हिरडा किती, आणि एक पावसाळा भिंत उघडी का ठेवायची. मुलं लिहून घेतात. 'चुना वाचत नाही' हे वाक्यही मी सांगते, मुलं हसतात. ते कुणाचं हे मी सांगत नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या देवळाच्या आवारातल्या छोट्या कुंडाचं काम माझ्याकडे आलं. आता दिवस पालटलेत. आता चुनाच वापरा असा काम देणाऱ्यांचाच आग्रह असतो, घाई करू नका असंही सांगतात. एक पावसाळा भिंत उघडी ठेवायची परवानगी मी मागितली तेव्हा ती दुसऱ्याच मिनिटाला मिळाली. मी घरी आले आणि जेवायला बसल्यावर मला रडू आवरेना. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी भांडायला हवं होतं, ते आता न भांडता मिळत होतं, आणि ते ज्याला द्यायचं तो माणूस नव्हता.

पुण्यात चुन्याचा गवंडी मिळेना. सगळीकडे चौकशी केली. शेवटी राजस्थानातून कारागीर आणायचं ठरत होतं, तेव्हा मला चाचांच्या मुलाची आठवण झाली. आठवण झाली म्हणजे काय, विसरले कधी होते. पण आता जायला निमित्त मिळालं. मला खरंच वाटत होतं की ते काम त्याच्या हातात दिलं तर काहीतरी भरून निघेल. वयाच्या सत्तरीकडे झुकताना माणूस असले बालिश हिशेब करतो.

मी त्या गल्लीत गेले. घर तेच, दार नवीन. चाचांचा मुलगा आता साठीचा, चष्मा लावलेला, स्वतःचा फरशीचा कंत्राटदार. हिंजवडीच्या मोठमोठ्या इमारतींत त्याची माणसं काम करतात. त्यानं मला लगेच ओळखलं. "या मॅडम, बसा. आई तुमचं नाव नेहमी काढायची, आता ती पण गेली." चहा आला. मी कुंडाचं काम सांगितलं, अगदी तपशिलात, आणि म्हणाले, "हे तुम्ही करावं असं मला वाटतं. तुमच्या घरचं काम आहे."

त्यानं कप खाली ठेवला. "मॅडम, मला येत नाही."

"थोडं तरी आठवत असेल. चाचांनी शिकवलं असेलच की नंतर."

"नाही शिकवलं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "तो हौद झाला ना, त्या वर्षी दिवाळी आली तसं मी अब्बांना म्हटलं, मी रजा सांगून ठेवलीये, घरचीच भिंत करू, मला शिकवा. ते म्हणाले, नको. फरशीच नीट शिक. बाईंना चुना कळतो, सगळ्या पुण्यात त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. त्यांनीच नको म्हटलं, म्हणजे आता कुणाला लागायचा नाही." मग म्हणाला, "बरोबरच होतं त्यांचं. फरशीवर पोरांची शिक्षणं झाली. मी तक्रार म्हणून नाही सांगत, तुम्ही विचारलंत म्हणून."

इतकी वर्षं मी समजत होते की मी एक हौद घालवला. त्या माणसानं माझ्यावर इतका विश्वास ठेवला होता, की मी सिमेंट घातलं ते त्यानं माझा भित्रेपणा म्हणून नाही, काळाचा निर्णय म्हणून घेतलं, आणि हातातली विद्या तिथेच थांबवली.

तोच मग उठला. "चुना आहे मात्र."

"कसला?"

"तुमच्या हौदाचाच. अब्बा म्हणाले होते, बाईंनी पुढच्या कामाला ठेवा म्हणून सांगितलंय. ते असेपर्यंत दर उन्हाळ्यात टाकीत पाणी घालायचे. नंतर मी घालत आलो, सवय लागली म्हणून."

परसात आता मोटारसायकल आणि फरशीचे खोके होते. त्यानं दोन माणसांना हाक मारून खोके बाजूला करवले, पहार घालून दगडी फरशी सरकवली. खाली पाणी होतं, स्वच्छ. त्यानं बाही सारून कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर चुना वर काढला. पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ. व्याख्यानात मी सांगत आले, की पाण्याखाली ठेवलेला चुना जितका जुना तितका चांगला. इतका जुना मी कधी पाहिला नव्हता.

"बघा, काही झालेलं नाही त्याला," तो म्हणाला. "घेऊन जा मॅडम, तुमचाच आहे. मला लावायला येत नाही, पण तुम्ही तर कॉलेजात शिकवता. तुम्हाला येत असेल ना?"

त्यानं हात पुढे केला होता. बोटांतून पाणी गळत होतं. तो मनापासून विचारत होता.

मी म्हणाले, "नाही. मलाही येत नाही."